माहेरचे दार

उपनगरातल्या पालिकेच्या कुठल्याही रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमारास जा. केसपेपर काढण्याच्या खिडकीपासून गर्भवतींच्या तपासणीच्या खोलीपर्यंत बायकांची रांग लागलेली असते. त्या रांगेत एखादी मुलगी अशी दिसते, की तिच्याकडे पाहून आपल्याला आपल्याच घरातली, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली लेक आठवावी. पायांत रबरी चपला, गळ्यात नवे काळे मणी आणि पदराआड सातवा महिना. बरोबर सासू. सिस्टर वय विचारते. मुलीने तोंड उघडण्याआधीच सासू सांगते, ‘‘एकोणीस.’’ दंडावरच्या हिरव्यानिळ्या डागाकडे सिस्टरचे लक्ष जाते. त्याचेही उत्तर सासूच देते, ‘‘पाणी भरताना मोरीत पाय घसरला.’’ मुलगी खाली बघत राहते. रांग मोठी असते. सिस्टर पुढचे नाव पुकारते.

ही कोणा एका मुलीची हकिगत नव्हे. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, अंधेरी-बोरिवलीच्या चाळीत किंवा आपल्याच सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या घरात ती कुठेही सापडेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच लागले होते. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या तरी होत्या किंवा गर्भवती तरी होत्या. त्याच पाहणीत राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेला अंदाज सगळ्या जगाचा आहे. जोडीदार असलेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी २४ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९० लाख मुली, विसावे वर्ष गाठण्याआधीच जोडीदाराच्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसेला सामोऱ्या गेलेल्या असतात.

हे आकडे आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. या मुलींविषयी बोलताना आपली नजर बहुधा नवरा-बायकोपाशी थांबते. तो मारतो, ती मार खाते. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला फक्त नवराच असतो असे नाही. तिला आई असते, बाप असतो, भाऊ असतो, शाळेतल्या मैत्रिणी असतात, सासू-नणंद असते आणि आता कुशीत एक मूल असते. एका घरात उगारलेला हात या प्रत्येक नात्यापर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

चिंधीची गोष्ट

महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. वर्धा जिल्ह्यात १९४८ साली जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ. घरात नकोशी झालेली म्हणून नाव पडले चिंधी. गुरे राखायच्या निमित्ताने वडील तिला शाळेत धाडत. शिक्षण झाले चौथीपर्यंत. वयाच्या दहा-बारा वर्षांची असताना तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी तिचे लग्न लावून देण्यात आले. विसाव्या वर्षापर्यंत पदरात तीन मुलगे. पुढे चौथ्या खेपेला नववा महिना चालू असताना नवऱ्याने चारित्र्याचा संशय घेऊन तिला मारहाण केली आणि घराबाहेर काढले. शेण गोळा करणाऱ्या गावातल्या बायकांना त्यांच्या कष्टाचा मोबदला मिळावा म्हणून तिने आवाज उठवला होता. त्यामुळे दुखावलेल्या एका बड्या असामीने नवऱ्याचे कान भरले होते, असे त्या सांगत. गोठ्यात ती बाळंत झाली. नाळ तिनेच दगडाने ठेचून तोडली. मुलगी झाली.

इथवरची कथा २०१० साली आलेल्या ‘मी सिंधुताई सपकाळ’ या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. ओली बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन आईच्या दारात गेली आणि आईने तिला घरात घेतले नाही. लाथ नवऱ्याने मारली होती, पण त्या लाथेने आई आणि लेक यांच्यातले नातेही मोडले. नवऱ्याने टाकलेली मुलगी घरात ठेवली तर लोक काय म्हणतील, ही भीती त्या आईच्याही मानगुटीवर बसलेली असणार.

पुढे सिंधुताई रेल्वेच्या फलाटांवर भीक मागत, स्मशानात रात्री काढत जगल्या आणि अनाथ मुलांच्या आई झाल्या. पण त्यासाठी त्यांनी पोटच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवले. आपली मुलगी जवळ असली तर इतर लेकरांवरच्या मायेत दुजाभाव होईल, असे त्यांना वाटले. अनेक वर्षांनी म्हातारा झालेला नवरा आसऱ्याला आला, तेव्हा त्यांनी त्याला घेतले ते नवरा म्हणून नव्हे, तर आपल्या असंख्य लेकरांपैकी एक म्हणून. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या गेल्या. नवरा, आई, लेक. तिन्ही नाती त्यांना पुन्हा, वेगळ्याच मापाने बेतावी लागली. आपण त्यांच्या धैर्याचे पोवाडे गातो, आणि ते योग्यच आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या त्या सातव्या महिन्यातल्या मुलीकडून सिंधुताई होण्याची अपेक्षा ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे. सिंधुताई लाखात एखादीच होते. बाकीच्यांना हवा असतो तो साधा आसरा.

‘तूच केलंस ना?’

उपनगरातले आजचे चित्र सिंधुताईंच्या काळापेक्षा एका बाबतीत निराळे आहे. लग्न नेहमीच आईबापांनी लावलेले असते असे नाही. कितीतरी मुली स्वतःच्या मनाने घर सोडतात. का सोडतात, हे मात्र विचारून पाहावे. वर्गातल्या मुलाशी किंवा गल्लीतल्या रिक्षावाल्याशी बोलताना भावाने पाहिले, घरी नेऊन पट्ट्याने मारले, शाळा बंद केली, मोबाइल काढून घेतला, आणि गावाकडचे एखादे स्थळ घाईघाईने ठरवले. मग एके दिवशी मुलगी क्लासला म्हणून निघते ती परत येतच नाही. म्हणजे पुष्कळदा हिंसा लग्नानंतर सुरू होत नाही. तिच्या पोटीच लग्न जन्माला येते. एका घरातला मार चुकवायला ती पळते आणि दुसऱ्या घरातल्या मारात सापडते.

दहा बाय बाराच्या खोलीत नवरा, सासू, सासरे, दीर. नवराही फार तर वीस-एकवीसचा, हाताला काम असले तर असले. वर्षाच्या आत दिवस जातात. पहिली थप्पड बसते तेव्हा तो स्वतःच रडतो, माफी मागतो. दुसरीला तिची चूक निघते. तिसऱ्यापासून कारणाची गरज उरत नाही. गरोदरपणी मार थांबतो, असा आपला समज असतो, पण तसे होतेच असे नाही. ‘हे माझंच कशावरून?’ असा प्रश्न विचारून पोटातल्या बाळालाही भांडणात ओढले जाते. मारणे हा तर एकच प्रकार झाला. पैसे हाती न देणे, फोन तपासणे, मैत्रिणीशी बोलू न देणे, माहेरी जायला मज्जाव करणे, हे सगळे त्याच माळेचे मणी. हळूहळू मुलीच्या भोवतालचे एकेक माणूस गळत जाते आणि उरतो तो मारणारा. रडायला खांदाही त्याचाच. ‘इतका मारतो तर सोडून का देत नाही?’ असे आपण विचारतो, तेव्हा हे गळून गेलेले सगळे लोक आपल्या ध्यानात नसतात.

कधीतरी धीर करून ती आईला फोन करते. पलीकडून उत्तर येते, ‘‘तूच केलंस ना? आता भोग.’’ या पाच शब्दांइतका भक्कम तुरुंग कुठल्याही सरकारने बांधलेला नाही. आईला लेकीची कणव नसते असे नाही. तिलाही नवऱ्याचा धाक असतो, धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे असते, आणि आपणही असेच सोसले मग ही का सोसणार नाही, असा एक कडवट हिशेबही मनात असतो. सासूचेही तेच. जी बाई स्वतः सोळाव्या वर्षी सून होऊन आली आणि ओल्या बाळंतपणात मार खाल्ला, तिच्या लेखी सुनेचे रडणे हे नखरे असतात. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख लवकर कळते, असे आपण मानतो. नेहमी तसे होत नाही. कधी कधी सोसण्याची सवयच घराचा कायदा होऊन बसते.

कुशीतले मूल

सगळ्यांत नाजूक नाते आई आणि बाळाचे. सतरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचेच शरीर अजून पुरते भरलेले नसते. जगभर १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गरोदरपण आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींचा समावेश होतो. त्यातून वाचलेल्या मुलीला रात्री दोन वाजता रडणारे बाळ सांभाळायचे असते आणि त्या रडण्याने झोपमोड झालेला नवरा उठून बसलेला असतो. बाळ रडले की मार बसतो, हे समीकरण एकदा मनात बसले की आईला बाळाच्या रडण्याचीच धास्ती वाटू लागते. पान्हा आटतो. कधी ती बाळाला घट्ट उराशी धरून ‘माझं या जगात तुझ्याशिवाय कोणी नाही’ म्हणते. कधी त्याच बाळावर हात उगारते आणि मग दिवसभर स्वतःला कोसत बसते. बाळंतपणानंतर येणारी उदासी हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. घरचे म्हणतात, ‘हिला बाहेरचं काहीतरी लागलंय.’

आणि मूल? त्याला भाषा येण्याआधी पावलांची चाहूल कळू लागते. जिन्यावर वडिलांच्या चपला वाजल्या की दोन वर्षांचे पोर खेळ थांबवून आईच्या पदराआड जाते. मोठेपणी त्यातला एखादा मुलगा बापासारखाच हात उगारतो. एखादी मुलगी मात्र ‘माझ्यावर प्रेम आहे म्हणून तर मारतो’ असे म्हणते. सगळीच मुले अशी होत नाहीत. ज्या मुलाला घरात किंवा घराबाहेर एक तरी मायेचे, भरवशाचे माणूस लाभते, त्याचे आयुष्य पुष्कळदा सावरते. आजी, बालवाडीच्या बाई, शेजारच्या काकू, कोणीही चालते.

मुंबईतलीच एक लेक

हे नुसते समाधानासाठी म्हणत नाही. याच मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. जयंतीबाई नावाच्या मुलीला पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. ती मुलगी म्हणजे रखमाबाई. जन्म १८६४ चा. जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र असूनही डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८४ साली दादाजींनी बायकोचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला वर्षानुवर्षे बायकांची बाळंतपणे केली. या खटल्याच्या गदारोळातच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला.

दोन मुलींची तुलना करण्यासाठी हे सांगितलेले नाही. एकीला विदर्भातले दारिद्र्य, दुसरीला मुंबईतले सुशिक्षित घर. पण एकीच्या वाट्याला बंद दार आले आणि दुसरीच्या वाट्याला उघडे, एवढा फरक विसरता येत नाही.

कायदा आणि रुग्णालय

संमतिवयापासून आजवर कायद्याने बरीच मजल मारली आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. २००६ च्या कायद्यानुसार बालवयात लग्न लागलेल्या मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून मागता येते. त्या लग्नातले मूल औरस मानले जाते, आणि लग्न रद्द झाले तरी तिला पोटगी मागता येते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरवला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तर फक्त नवऱ्यापुरता नाही. बाप किंवा भाऊ मारत असेल तरी तो लागू होतो. लग्नाची नोंद नसली, पण नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असतील, तरीही लागू होतो. त्याखाली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा, राहत्या घराचा आणि मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. स्त्रियांना वकील मोफत मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे.

मात्र कायद्याची एक धार मुलीलाही कापते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगी गर्भवती असल्याचे कळताच पोलिसांना खबर देणे बंधनकारक केले. हेतू चांगलाच. पण पोलीस येतील, ‘त्याला’ नेतील, या भीतीने मुलगी रुग्णालयातच येत नाही, वय खोटे सांगते, घरीच बाळंत होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने यातून थोडी वाट काढली. परस्परसंमतीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने विनंती केल्यास तिचे नाव-गाव पोलिसांना न कळवण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली. मूल सांभाळणे अशक्यच असेल, तर बालकल्याण समितीसमोर ते सोपवता येते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. गटाराकाठी अर्भक सापडल्याची बातमी वाचताना वाटते, ही वाट त्या आईला कोणी सांगितली असती तर!

या बाबतीत आपल्या उपनगराने देशाला एक धडा घालून दिला आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलीस चौकीची पायरी चढायला कचरते, पण रुग्णालयात तिला यावेच लागते. तेव्हा जखमेवर मलम लावतानाच तिला एकीकडे घेऊन, सासू-नवऱ्याला बाहेर बसवून, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असे विचारायला परिचारिकांना शिकवले गेले. समुपदेशक, कायद्याचा सल्ला, घरी जाणे धोक्याचे असेल तर रात्रीपुरता रुग्णालयातच आसरा, असे सगळे एका छताखाली. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. त्याआधी १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. म्हणजे वाटा आहेत. १८१ हा स्त्रियांसाठी, १०९८ हा मुलांसाठी आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे. पण तिथवर पोहोचायला मुलीला एक तरी माणूस सोबत लागते.

आपण काय करू शकतो?

ते माणूस आपण होऊ शकतो का, हा खरा प्रश्न. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई दोन दिवस आल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ‘पोरगी बाळाला घेऊन परत आलीय, नवरा मारतो, काय करू?’ म्हणाल्या, तर आपण काय सांगतो? ‘समजूत घालून पाठवून द्या’ हेच बहुधा. तिची समजूत घालायची म्हणजे कुणाची, हे आपण विचारत नाही. त्याऐवजी चार गोष्टी करता येतात. आधी तिचे ऐकून घ्यावे, ‘पण तूसुद्धा काहीतरी बोलली असशील’ हे वाक्य गिळून टाकावे. जवळच्या रुग्णालयात तिच्याबरोबर जावे. तिचे आधारकार्ड, जन्मदाखला, बाळाचा केसपेपर यांच्या प्रती आपल्याकडे ठेवून घ्याव्यात. निर्णय मात्र तिचा तिला घेऊ द्यावा. ती पुन्हा नवऱ्याकडे गेली तरी रागावू नये. ती परत येईल तेव्हाही आपले दार तसेच असेल, एवढे तिला सांगून ठेवावे. आणि शक्य झाले, तर तिची सुटलेली दहावी पुरी करायला मदत करावी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते.

हे आपल्या स्वतःच्या घरालाही तितकेच लागू आहे. मार खाणाऱ्या मुली वस्तीतच राहतात, हा आपला गोड गैरसमज आहे. फ्लॅटच्या भिंती जाड असतात, इतकेच. आपल्या सोळा वर्षांच्या लेकीला आपण आज काय सांगतो, यावर उद्या ती आपल्याकडे येईल की नाही ते ठरते. ‘असलं काही केलंस तर या घराचं दार तुला बंद’ हे वाक्य रागाच्या भरात कितीतरी घरांत बोलले जाते. आपण ते विसरून जातो. लेक मात्र विसरत नाही. पुढे कधी अडचणीच्या रात्री तिला तेच आठवते आणि ती आपला नंबर लावत नाही.

कन्यादानाच्या वेळी आपण लेकीला ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतो. त्याला एक ओळ जोडायला हवी. नाहीच राहता आले सुखाने, तर बाळाला घेऊन ये, कितीही वाजले असोत, मी कडी काढीन.